व्हिडिओ लहान होतो, तेव्हा नेमके काय वगळले जाते?

घरातील बारसे असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो वा सोसायटीच्या गणपतीची मिरवणूक, प्रत्येक प्रसंगाची नोंद आज खिशातील मोबाइल फोनवर होत असते. चित्रीकरण सुलभ झाले, परंतु त्याबरोबरच तीन तक्रारी घरोघरी ऐकू येऊ लागल्या. फोनमधील जागा सतत भरते, पाठविलेला व्हिडिओ पलीकडे धूसर दिसतो आणि एका यंत्रावर चालणारी फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडत नाही. वरकरणी या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात. वास्तविक तिन्हींचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेशन, अर्थात चित्रफितीतील माहिती आटोपशीर करण्याचे तंत्र. हे तंत्र कसे चालते हे ठाऊक नसले तरी फोन वापरता येतो. मात्र कोणती प्रत जपावी, कोणती पाठवावी आणि कोणती पुसावी, हे ठरविताना या अज्ञानाची किंमत मोजावी लागते. कारण या तंत्राने एकदा वगळलेली माहिती पुन्हा मिळत नाही.

गणित मांडून पाहिले तर...

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक झपाट्याने दाखविलेली स्थिर छायाचित्रे. फुल एचडी व्हिडिओच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरल्यास एका चौकटीला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला अशा ३० चौकटी, म्हणजे सेकंदाला सुमारे १८७ मेगाबाइट. एका मिनिटाला ११ गिगाबाइटहून अधिक आणि तासाला जवळजवळ ६७० गिगाबाइट! हीच माहिती जशीच्या तशी साठवायची म्हटली, तर १२८ गिगाबाइटचा कोरा करकरीत फोन बारा मिनिटांच्या आत भरून जाईल.

प्रत्यक्षात तसे होत नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये अॅपलने दिलेल्या अंदाजानुसार याच प्रतीच्या एक मिनिटाच्या व्हिडिओला जुन्या पद्धतीने सुमारे १३० मेगाबाइट, तर नव्या पद्धतीने सुमारे ६० मेगाबाइट जागा लागते. म्हणजे मूळ माहितीचा अनुक्रमे साधारण ८५ वा आणि १८५ वा हिस्सा. बाकीची माहिती गेली कोठे? तिचा काही भाग पुनरुक्ती म्हणून टाळला गेला आणि काही भाग माणसाच्या डोळ्याला जाणवणार नाही या भरवशावर टाकून देण्यात आला. या दोन गोष्टींतील फरक लक्षात घेतला की पुढचे सारे उलगडत जाते.

पुनरुक्ती टाळण्याची युक्ती

व्याख्यानमालेतील वक्ता डोळ्यांसमोर आणावा. मागचा पडदा, टेबल, पाण्याचा तांब्या यांतील काहीही तासभर हलत नाही. हलतात ते वक्त्याचे ओठ आणि हात. असे असताना प्रत्येक सेकंदाला तीस वेळा तोच पडदा नव्याने नोंदविणे हा निव्वळ अपव्यय होय. म्हणून कॉम्प्रेशनमध्ये अधूनमधून एक चौकट संपूर्ण नोंदली जाते आणि मधल्या चौकटींसाठी केवळ बदल लिहिला जातो. चित्राचे लहान चौकोनी तुकडे पाडले जातात आणि प्रत्येक तुकडा आधीच्या चौकटीत कोठे होता, हे शोधले जाते. धावत्या बसचे चित्र पुन्हा काढण्याऐवजी ‘हा तुकडा उजवीकडे इतके बिंदू सरकला’ एवढीच सूचना पुरते. अंदाज आणि वास्तव यांत जो थोडा फरक उरतो, तेवढाच वेगळा नोंदविला जातो.

काही नेहमीच्या अनुभवांचा उलगडाही येथे होतो. प्रक्षेपण सुरू असताना माहितीचा एखादा भाग हरवला, तर चित्रावर चौकोनी ठिगळे दिसू लागतात आणि माणूस हलला की ती त्याच्याबरोबर फरफटत जातात. पुढची संपूर्ण चौकट येईपर्यंत हा गोंधळ टिकतो. कारण मधल्या साऱ्या चौकटी चुकलेल्या चित्राच्या आधारावर उभ्या असतात. काही वेळा व्हिडिओ पुढे सरकवताना तो नेमक्या क्षणी न थांबता थोडा मागेपुढे थांबतो, त्यामागेही हेच कारण असते.

सारख्याच कालावधीचे दोन व्हिडिओ आकाराने इतके वेगळे का, याचेही उत्तर येथे मिळते. कीर्तनाचे चित्रीकरण थोडक्यात आटोपते. विसर्जन मिरवणुकीत मात्र गुलाल उधळला जात असतो, झेंडे फडकत असतात, गर्दी उसळत असते आणि वरून पाऊस कोसळत असतो. आधीच्या चौकटीवरून पुढचीचा अंदाज बांधता येईल असे तेथे फारसे काही नसते. परिणामी एक तर फाइल मोठी होते, नाहीतर गुलालाच्या ढगाचे चौकोनी तुकडे दिसू लागतात. अंधारातील चित्रीकरणाचीही हीच गत. अपुऱ्या प्रकाशात कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक दाणे उमटतात. ते प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी असल्याने त्यांचा अंदाज बांधता येत नाही आणि जागेचा मोठा हिस्सा हे निरुपयोगी दाणेच गिळंकृत करतात. पुरेसा प्रकाश आणि स्थिर हात यांनी चित्र सुधारते, तशी जागाही वाचते.

डोळ्याच्या मर्यादेचा लाभ

पुनरुक्ती टाळून बरेच साधते, पण तेवढे पुरत नाही. पुढचा मार्ग म्हणजे डोळ्याच्या उणिवांचा फायदा घेणे. मानवी डोळा उजेड आणि अंधार यांतील बारीक फरक चटकन ओळखतो, रंगातील बारीक फरकाबाबत मात्र तो तितका काटेकोर नसतो. म्हणून बहुतेक व्हिडिओत उजळपणाची नोंद प्रत्येक बिंदूसाठी, तर रंगाची नोंद चार बिंदूंत मिळून एकदाच केली जाते. एवढ्यानेच माहिती निम्म्यावर येते आणि पाहणाऱ्याच्या सहसा ते लक्षातही येत नाही.

खरी किमया पुढच्या टप्प्यात आहे आणि तिच्यामागे एका भारतीय नावाचे मोठे ऋण आहे. १९४० मध्ये बंगळुरू येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी अमेरिकेत संशोधन करीत असताना ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती पद्धतीची कल्पना मांडली. १९७२ मध्ये तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे त्यांनी केलेला अनुदानाचा अर्ज नाकारला गेला. तरीही त्यांनी काम सोडले नाही आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. आज जेपीईजी छायाचित्रांपासून डीव्हीडीपर्यंत आणि मोबाइलवरील व्हिडिओपर्यंत बहुतेक ठिकाणी ही पद्धत किंवा तिचीच सुधारित रूपे वापरात आहेत.

ही पद्धत चित्राच्या छोट्या तुकड्याचे वर्णन वेगळ्या प्रकारे करते. आठ गुणिले आठ अशा चौसष्ट बिंदूंचा तुकडा घेतला, तर एकेका बिंदूचा उजळपणा सांगण्याऐवजी ती चौसष्ट आकडे देते. पहिला आकडा तुकड्याचा सरासरी उजळपणा सांगतो, नंतरचे काही आकडे संथ चढउतार सांगतात आणि अखेरचे आकडे अतिसूक्ष्म तपशील, म्हणजे साडीची जर, केसांच्या बटा वा पानांच्या शिरा. सर्वसाधारण चित्रात सुरुवातीचे मोजके आकडे मोठे आणि शेवटचे बहुतांश आकडे क्षुल्लक असतात.

आता हे आकडे एका ठरावीक संख्येने भागून जवळच्या पूर्णांकात बसविले जातात. समजा, ती संख्या १० आहे. ४७ ला १० ने भागून पूर्णांक घेतला की ५ उरतात. पाहताना त्याला पुन्हा १० ने गुणले की ५० मिळतात. ही चूक किरकोळ आहे. पण मूळ आकडा ४ असेल, तर भागाकाराचा पूर्णांक शून्य आणि शून्याला कितीही गुणले तरी शून्यच! सूक्ष्म तपशिलांचे बहुतेक आकडे असेच शून्य होतात. शून्यांची लांबलचक रांग नंतर अगदी थोड्या जागेत लिहिता येते. भागणारी संख्या जितकी मोठी, तितकी फाइल लहान आणि चित्र तितके सपाट.

व्हिडिओच्या आयुष्यातील मोठा तोटा होतो तो येथेच. ५० हा आकडा पाहून मूळचा आकडा ४७ होता की ५२, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. रद्दीत गेलेल्या कागदावरील मजकुराप्रमाणे तो तपशील कायमचा जातो. व्हिडिओ फाइल ‘झिप’ करून काहीच का साधत नाही, हेही यावरून कळते. झिप केवळ पुनरुक्ती काढते, आणि व्हिडिओतील पुनरुक्ती तर आधीच काढलेली असते.

पिढ्यान्‌पिढ्यांची वाटचाल

माहिती आवळण्याच्या आणि उलगडण्याच्या अशा ठरावीक पद्धतीला कोडेक म्हणतात. टेलिफोनच्या डिजिटल वाहिन्यांवरून दृक्‌संवाद साधता यावा, यासाठी १९८८ मध्ये एच.२६१ हे मानक आले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या एमपीईजी या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या पहिल्या मानकावर १९९३ मध्ये व्हिडिओ सीडी साकारली. एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटे, चौकट अवघी ३५२ गुणिले २८८ बिंदूंची. मराठी चित्रपट आणि नाटके अनेक घरांत पोहोचली ती दोन-तीन तबकड्यांच्या याच संचांतून. त्यानंतरच्या एमपीईजी-२ ने डीव्हीडी आणि डिजिटल दूरचित्रवाणीला आधार दिला.

२००३ मध्ये आलेल्या एच.२६४ ने चित्र पालटले. इंटरनेटवरील व्हिडिओ, मोबाइलचे कॅमेरे आणि सीसीटीव्ही या तिन्हींनी त्याचा सर्रास अवलंब केला, आणि आजही सर्वाधिक यंत्रांवर हमखास उघडणारे कोडेक तेच आहे. २०१३ मध्ये त्याचा वारसदार एचईव्हीसी, अर्थात एच.२६५ आला. त्याच दर्जासाठी निम्मी जागा हे त्याचे उद्दिष्ट होते. चित्राचे मोठे तुकडे एकत्र हाताळणे, हालचालींचा अधिक अचूक अंदाज बांधणे अशा सुधारणांमुळे ते बऱ्याच अंशी साध्य झाले. अॅपलने २०१७ पासून आपल्या फोनमध्ये त्याचा अवलंब केला. सेटिंगमधील ‘हाय एफिशियन्सी’ म्हणजे हेच एच.२६५ आणि ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’ म्हणजे जुने एच.२६४.

मात्र एच.२६५ साठी पेटंटधारकांचे एकाहून अधिक गट निर्माण झाले आणि परवान्यांचा गुंता वाढला. त्याला पर्याय म्हणून अॅमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स यांनी २०१५ मध्ये आघाडी उभारली आणि २०१८ मध्ये एव्ही१ हे विनामूल्य वापरासाठी खुले कोडेक जाहीर केले. २०२० मध्ये एच.२६६ देखील आले. नव्या कोडेकची काटकसर फुकट नसते. कमी जागेत अधिक बसविण्यासाठी प्रोसेसरला कितीतरी अधिक आकडेमोड करावी लागते. ती करणारी खास व्यवस्था चिपमध्ये नसेल, तर व्हिडिओ अडखळतो, फोन तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. नव्या फोनवरील व्हिडिओ घरच्या जुन्या संगणकावर उघडत नाही, तो बहुधा याच कारणामुळे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फाइलच्या नावापुढील ‘एमपी४’ किंवा ‘एमकेव्ही’ ही कोडेकची नावे नव्हेत. ते केवळ डबे आहेत. डबा तोच असला तरी एकात पोळीभाजी आणि दुसऱ्यात बिर्याणी असू शकते. ‘एमपी४’ या डब्यात एच.२६४ असेल, एच.२६५ असेल किंवा एव्ही१ देखील असेल. त्यामुळे दोन ‘एमपी४’ फायलींपैकी एक उघडते आणि दुसरी उघडत नाही, यात नवल काहीच नाही.

सोसायटीचा कॅमेरा आणि पुसट नंबर प्लेट

वगळलेला तपशील परत मिळत नाही, याचा चटका सर्वाधिक बसतो तो सीसीटीव्हीच्या बाबतीत. सेकंदाला २ मेगाबिट या दराने चालणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट, तर ३० दिवसांत सुमारे ६५० गिगाबाइट जागा घेतो. आठ कॅमेऱ्यांसाठी पाच टेराबाइटहून मोठी हार्ड डिस्क लागते. खर्च वाचविण्यासाठी दर निम्म्यावर आणला की तीच डिस्क दोन महिने पुरते. बैठकीत हा ठराव सहज मंजूर होतो. परंतु एखाद्या रात्री पार्किंगमध्ये गाडीला धडक बसते आणि चित्रात धडक देणाऱ्या वाहनाची नंबर प्लेट म्हणजे एक पांढुरका चौकोन एवढेच दिसते.

यात कॅमेऱ्याचा दोष असेलच असे नाही. नंबर प्लेटवरील अक्षरे हा सूक्ष्म तपशील आहे, आणि जागा कमी पडली की कोडेक आधी सूक्ष्म तपशिलालाच कात्री लावतो. त्यातील कोणता तपशील उद्या पुरावा ठरेल, हे त्याला कळत नाही. चित्रपटातल्याप्रमाणे बटण दाबून प्लेट ‘स्पष्ट’ करता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली आजची साधने चित्र रेखीव करून दाखवितात हे खरे, पण हरवलेल्या जागी ती संभाव्य आकार भरतात. छायाचित्र देखणे करण्यास ते चालेल. ३ चा ८ झाला तर मात्र निरपराध माणसाच्या दारात पोलिस उभे राहतील. त्यामुळे प्रवेशद्वारावरील कॅमेऱ्याचा दर चढा ठेवून जिन्यातील कॅमेऱ्याचा दर उतरविणे आणि प्रवेशद्वारापाशी भरपूर प्रकाशाची सोय करणे, ही खरी काटकसर होय.

पुराव्याच्या संदर्भात आणखी एक बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात त्या फाइलचे ‘हॅश’ मूल्य नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेला जणू अंगठ्याचा ठसा. व्हिडिओ पुन्हा कॉम्प्रेस केला की डोळ्यांना तो तसाच दिसला तरी हा ठसा बदलतो. म्हणून अशा प्रसंगी डीव्हीआरच्या पडद्याचे मोबाइलवर चित्रीकरण करून समाधान मानू नये. मूळ फाइलची प्रत काढून घ्यावी.

प्रतीवरून प्रत, आणि तिच्यावरून आणखी एक

घरगुती चित्रीकरणाचा शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे वारंवार होणारे कॉम्प्रेशन. फोन चित्रीकरण करतानाच माहिती एकदा वगळतो. तो व्हिडिओ संदेशातून नेहमीच्या पद्धतीने पाठविताना अॅप तो आणखी आवळते. पलीकडचा माणूस त्यातला तुकडा कापून, वर गाणे चढवून दुसऱ्या अॅपवर टाकतो. तेथे तिसऱ्यांदा कात्री लागते. प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्यातील दोषांनाच मूळ चित्र समजून नव्याने पूर्णांक काढतो. चेहऱ्यावरील सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत होतात, आकाशात पट्टे उमटतात, आणि काही वर्षांनी मूळ फोन बिघडला की हाती उरते ती हीच चौथी प्रत.

हा धोका नवा नाही. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट व्हिडिओ सीडीवर उतरवून ज्यांनी मूळ कॅसेट टाकून दिल्या, त्यांच्याकडे आज ३५२ गुणिले २८८ बिंदूंचेच लग्न उरले आहे. आता उपलब्ध असलेल्या उत्तम साधनांनी त्याच कॅसेटवरून अधिक चांगली प्रत निघाली असती. मूळ प्रत टिकली तर पुढच्या तंत्राचा लाभ तिला मिळू शकतो. एकदा आवळलेल्या प्रतीला तो मिळत नाही.

व्यवहारात करावयाच्या गोष्टी थोड्या आणि सोप्या आहेत. महत्त्वाच्या प्रसंगाची फोनमधील मूळ फाइल केबलने संगणकावर घेऊन दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. दोन्ही प्रती एकाच कपाटात नसाव्यात. नातेवाइकांना तत्काळ दाखविण्यासाठी संदेशातून जाणारी लहान प्रत उत्तम. पण दर्जा राखायचा असेल, तर व्हॉट्सअॅपवर तोच व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. २०२२ पासून अशी २ गिगाबाइटपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. पाहणाऱ्यांकडे जुनी यंत्रे असतील, तर एच.२६४ निवडावे. स्वतःचा साठा वाचवायचा असेल, तर चित्रीकरणाच्या वेळीच एच.२६५ निवडावे. आधी जुन्या पद्धतीने चित्रीकरण करून नंतर रूपांतर केल्यास तपशिलाला दोनदा कात्री लागते.

रूपांतर टाळता येणार नसेल, तर ‘हँडब्रेक’सारखी विनामूल्य साधने आहेत. त्यांत फाइलचा आकार ठरवून देण्याऐवजी दर्जा ठरवून देण्याची सोय असते. त्यामुळे कीर्तनाला कमी आणि मिरवणुकीला जास्त जागा आपोआप मिळते. एच.२६४ साठी वापरल्या जाणाऱ्या एक्स२६४ या सॉफ्टवेअरमध्ये दर्जाचा मूळ आकडा २३ असतो. आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. केवळ सुरुवातीचा वा शेवटचा नको असलेला भाग कापायचा असेल, तर पुन्हा कॉम्प्रेस न करता कापणारी साधने वापरावीत. तपशिलाला धक्का न लावता जागा वाचविण्याचा तो उत्तम मार्ग आहे.

आणि सर्वांत प्रभावी उपाय कोणत्याही कोडेकमध्ये नाही. एकाच प्रसंगाचे पंधरा व्हिडिओ असतील, तर त्यांतील तेरा पुसून दोन मूळ दर्जात जपणे, हे पंधराही आवळून ठेवण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. आजीच्या तोंडची ओवी कोणत्या फाइलमध्ये आहे, हे कोडेकला कळत नाही. ते घरच्यांनाच ठरवावे लागते, आणि तेही मूळ फाइल पुसली जाण्यापूर्वी.